भाऊसाहेबांना नंबर मिळतो

भाऊसाहेबांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांना नंबर दिले. पाणीपुरवठा खात्यात नव्या नळजोडणीचं टेबल त्यांच्याकडे होतं. गावात ज्याच्या म्हणून घरी नळ, त्याचा ग्राहक क्रमांक भाऊसाहेबांच्या अक्षरातला. मोठमोठे डॉक्टर, वकील त्यांच्या टेबलासमोर अदबीने उभे राहायचे. अशा माणसाला परक्या देशात स्वतःसाठी एक साधा मोबाइल नंबर मिळवताना नाकी नऊ यावेत, याला काय म्हणायचं? ऐकणाऱ्याला हसू येतं. भाऊसाहेबांना ते यायला बराच वेळ लागला.

तिकडे नोकरी लागली ती वहिनींना. एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. भाऊसाहेबांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, टेबलाला हार घातला की टेबलाने यांना घातला ते त्यांनाच माहीत, आणि ते बायकोच्या मागोमाग विमानात बसले. इथवर सगळं ठीक होतं. पण उतरल्यावर सरकारने दोघांना एकेक ओळखपत्र दिलं. वहिनींच्या ओळखपत्रावर नावाखाली छापलं होतं ‘कर्मचारी’. भाऊसाहेबांच्या ओळखपत्रावर छापलं होतं ‘अवलंबित’.

‘‘अवलंबित म्हणजे काय गं?’’ भाऊसाहेबांनी विचारलं. अर्थ त्यांना चांगला कळला होता.

‘‘अहो, तो नुसता प्रकार आहे. रकाना असतो त्यांचा.’’

‘‘रकाना असतो! आमच्या खात्यातही रकाने होते. पण आम्ही माणसाच्या तोंडावर नाही छापायचो.’’

त्या दिवसापासून ओळखपत्र पाकिटात उलटं राहायला लागलं. सकाळी वहिनी कामावर गेल्या की भाऊसाहेब भांडी घासत, भाजी चिरत, आणि मनातल्या मनात नोकरी शोधत. आणि बघा हं, नोकरी सापडलीसुद्धा! दोन रस्ते सोडून सायकलींच्या सुट्या भागांचं एक गोदाम होतं. दारावर पाटी होती, ‘नोंदी ठेवणारा माणूस हवा.’ नोंदी! भाऊसाहेबांचा जन्मच त्यासाठी झालेला. इस्त्रीचा शर्ट घालून ते आत गेले.

इथे त्यांच्या भाषेबद्दल सांगायला हवं. तिथली भाषा ते पुस्तकावरून शिकले होते आणि त्यांची पद्धत सरळ होती. आधी मनात शुद्ध मराठी वाक्य तयार करायचं, मग त्यातला एकेक शब्द उचलून त्याच्या जागी तिकडचा शब्द ठेवायचा. यात वेळ जायचा, समोरचा माणूस घड्याळाकडे बघायचा, पण वाक्य पुरं व्हायचं. भाऊसाहेबांना या पद्धतीचा अभिमान होता.

गोदामाचा मॅनेजर कानाला पेन्सिल लावलेला, अंगाने भरलेला माणूस. त्याने भाऊसाहेबांचं सगळं ऐकून घेतलं, अक्षर बघितलं, खूश झाला. म्हणाला, ‘‘सोमवारपासून माणूस लागणार आहे. काही विचारायचं झालं तर फोन करीन. तुमचा नंबर?’’

आता आली पंचाईत. घरचा जुना नंबर इथे चालत नव्हता. ‘‘नंबर उद्यापरवाकडे देतो,’’ भाऊसाहेब म्हणाले. मग खुर्ची मागे सारून, मान लववून, ‘‘बरं, येतो मी.’’

मॅनेजरने त्यांचा हात असा काही दाबला की भाऊसाहेबांची बोटं संध्याकाळपर्यंत दुखत होती. किती प्रेमळ माणूस, असं त्यांनी वहिनींना सांगितलं.

‘‘मग माझा नंबर द्या ना त्यांना,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘तुझा? आणि त्यांचा फोन आल्यावर तू उचललास म्हणजे? ‘थांबा हं, देते त्यांना’? बायकोच्या फोनवर येणारी नोकरी मला नको. मला माझा नंबर पाहिजे. माझ्या नावावर.’’

वहिनी संसारात मुरलेल्या. त्यांनी मान हलवली आणि डब्यात किती पोळ्या हव्यात ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब फोनच्या दुकानात. काचेचं दुकान, आत भिंतभर फोन आणि काउंटरवर गोल चष्म्याची एक मुलगी. ती हसून स्वागत करायची, हसून नाही म्हणायची, आणि यातलं कुठलं हसू कशाचं ते भाऊसाहेबांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. तिने ओळखपत्र सुलट केलं. वाचलं. ‘‘अवलंबित,’’ ती मोठ्याने म्हणाली.

मागे रांगेत उभी असलेली माणसं पुढे वाकून बघायला लागली, असं भाऊसाहेबांना वाटलं. खरं तर मागे एकच आजी होत्या आणि त्या फोनची कव्हरं बघत होत्या.

‘‘मग अगदी सोपं आहे,’’ मुलगी म्हणाली. ‘‘पत्नीच्या खात्यावर तुम्हाला जोड-कार्ड देते. लगेच सुरू.’’

‘‘जोड?’’

‘‘हो. लहान मुलांना देतो ना, तसंच.’’

भाऊसाहेबांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण सरकारी नोकरीत काढलेली वर्षं कामी आली. त्यांनी आवाज खाली ठेवून स्वतंत्र जोडणीचे नियम विचारले. नियम होता. नियम नेहमी असतो, विचारावा लागतो. त्यासाठी स्वतःच्या नावावर पत्त्याचा पुरावा हवा होता. घराचा करार तर वहिनींच्या नावावर. मग निदान घरमालकिणीचं पत्र हवं, की हा गृहस्थ याच घरात राहतो.

‘‘आणतो,’’ भाऊसाहेब म्हणाले. ‘‘बरं, येतो.’’

घरमालकीणबाई त्याच इमारतीत सर्वांत वर राहायच्या. भल्या बाई. पत्र द्यायला त्यांची काहीच हरकत नव्हती. फक्त लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, ‘‘तुम्ही आधी काय करत होता?’’

भाऊसाहेबांना एवढंच हवं होतं. छाती पुढे काढून ते म्हणाले, ‘‘पाणीपुरवठा.’’

त्याबरोबर बाईंनी पेन खाली ठेवलं, त्यांना हाताला धरून न्हाणीघरात नेलं आणि त्यांच्या हातात पाना दिला. तिथला नळ ठिबकत होता.

आता भाऊसाहेबांचा पाण्याशी संबंध आला तो फक्त कागदावर. नळ आतून कसा असतो हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं, बघायची इच्छाही नव्हती. पण खात्याच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी पाना कुठेतरी लावला आणि फिरवला. नळाचं डोकं सुटून हातात आलं, आणि पाण्याची धार सरळ त्यांच्या छातीवर. बाई किंचाळल्या. भाऊसाहेबांनी अंगठा लावला, मग टॉवेल लावला, मग पाठ लावली. शेवटी बाईंनीच बाहेर जाऊन मुख्य चावी बंद केली. एवढं होऊनही बाई रागावल्या नाहीत. पत्र पुरं करून त्यांच्या ओल्या हातात दिलं.

निथळत्या शर्टाने, जमेल तेवढी शान राखून भाऊसाहेब म्हणाले, ‘‘बरं, येतो.’’

‘‘नक्की ना?’’ बाईंनी विचारलं.

‘‘हो हो,’’ भाऊसाहेब म्हणाले. इतकं आपुलकीचं बोलणं त्यांनी या देशात पहिल्यांदाच ऐकलं.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. हे पूर्वी रेल्वेत सिग्नलवर होते आणि निवृत्त झाल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याला जिन्यात थांबवण्याचं काम बिनपगारी करत होते. ओले भाऊसाहेब बघून त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली आणि सल्ला दिला की त्या कंपनीकडे जाऊच नका. दुसरी कंपनी? ती त्याहून वाईट. तिसरी? तिच्याबद्दल तर बोलायलाच नको. मग काय करावं? पत्रं लिहावीत. पत्रांइतकं खात्रीचं काही नाही. भाऊसाहेब शर्ट अंगावर वाळेपर्यंत ऐकत उभे राहिले, मग ‘‘बरं, येतो आजोबा,’’ म्हणून सुटले.

आजोबांचे डोळे का चमकले, याचा विचार त्यांनी केला नाही.

पत्र घेऊन दुकानात गेले तर शाई पसरली होती. घरमालकिणीच्या सहीच्या जागी निळं तळं. चष्मेवाली हसली. भाऊसाहेब पुन्हा घरी, पुन्हा वर. बाई दार उघडताच उत्साहाने बाजूला होऊन त्यांना आत घ्यायला लागल्या, पण भाऊसाहेबांनी उंबऱ्याबाहेरूनच दुसरं पत्र लिहून घेतलं. न्हाणीघराच्या दिशेने बघितलंसुद्धा नाही. बाईंचा चेहरा जरा पडलेला दिसला. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, असं म्हणून ते ‘‘येतो’’ म्हणाले आणि उतरले.

तिसऱ्या खेपेला कागद सगळे जुळले. राहिला फोटो. तो काढायला एक यंत्र होतं आणि ते यंत्र बोलायचं. ‘‘चष्मा काढा,’’ यंत्र म्हणालं. भाऊसाहेबांनी काढला. ‘‘पडद्यावर लिहिलेल्या सूचना वाचा,’’ यंत्र म्हणालं. भाऊसाहेबांनी वाचायला चष्मा घातला. ‘‘चष्मा काढा.’’ काढला. ‘‘सूचना वाचा.’’ हा खेळ बराच वेळ चालला. मध्येच यंत्राने ‘‘समोर चेहरा दिसत नाही’’ असंही जाहीर केलं. भाऊसाहेब यंत्राला मराठीत काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी चष्मेवालीने त्यांची हनुवटी धरून तोंड सरळ केलं आणि फोटो निघाला. फोटोतला माणूस नुकताच घाबरून उठल्यासारखा दिसत होता, पण यंत्राला तो पसंत पडला.

मुलीने नखाएवढं कार्ड त्यांच्या हातात दिलं. ‘‘झालं आता. तुमच्या बाजूचं सगळं संपलं की मी सुरू करते.’’

‘‘फार उपकार झाले. बरं, येतो!’’

भाऊसाहेब तरंगतच घरी आले. कार्ड फोनमध्ये घातलं. पडद्यावर आलं, ‘सेवा नाही’. होईल, वेळ लागतो. रात्री बघितलं, सेवा नाही. सकाळी बघितलं, सेवा नाही. आणि तो सोमवार होता.

सोमवार गेला. मंगळवार गेला. भाऊसाहेब फोन घेऊन खिडकीत उभे, गॅलरीत उभे, एकदा तर स्टुलावर उभे. गोदामाचा मॅनेजर तिकडे फोनची वाट बघत असणार. नंबर देतो असा शब्द देऊन आलेला माणूस नंबराशिवाय कुठल्या तोंडाने परत जाणार? गोदामाच्या रस्त्याने जायचं त्यांनी बंद केलं. भाजीला लांबच्या वाटेने जाऊ लागले. आजोबांना विचारावं म्हणून खाली गेले, तर आजोबांनी त्यांना बघितलं आणि तोंडावर दार लावलं. घरमालकीणबाई जिन्यात दिसल्या, त्यांनी मान फिरवली. भाऊसाहेबांना कळेना, आपण कुणाचं काय घोडं मारलं?

‘‘मी कुणालाच नको झालोय,’’ रात्री ते वहिनींना म्हणाले. सुरुवात चिडून केली होती, पण वाक्य संपेपर्यंत आवाज बारीक झाला. ‘‘तिकडे माणसं मला जाऊ देत नव्हती. इथे तुझ्याशिवाय कुणी माझ्याशी बोलत नाही. ती नोकरी गेली तर मी काय करू गं दिवसभर? भांडी तरी किती घासायची?’’

वहिनींनी टीव्ही बंद केला. ‘‘उद्या जा आणि त्या पोरीसमोर बसून राहा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या टेबलासमोर लोक बसायचे तसे. हलू नका.’’

भाऊसाहेब गेले. आत पाऊल टाकतात तोच चष्मेवाली काउंटर सोडून धावत पुढे आली. आज ती हसत नव्हती.

‘‘आलात? आलात एकदाचे? अहो, कुठे होता तुम्ही?’’

‘‘मी कुठे होतो? घरी होतो! फोनची वाट बघत!’’

‘‘आणि मी तुमची वाट बघत होते! दर वेळी उठता, ‘मी येतो’ म्हणता आणि निघून जाता. पहिल्या दिवशी मी दुकान बंद झाल्यावरही थांबले, माझी बस गेली. शेवटच्या वेळी तर केवढ्या आनंदाने म्हणालात, ‘मी येतो!’ मला वाटलं, यांना अजून काही बदलायचं असेल, पत्नीला विचारायला गेले असतील. म्हणून तुमचं काम मी रोखून धरलंय. एक बटण दाबायचं राहिलंय फक्त!’’

भाऊसाहेब बसलेच. खुर्ची जवळ होती म्हणून बरं.

‘‘अगं बाई,’’ ते मराठीतच म्हणाले. मग शब्द गोळा करून समजावू लागले. ‘येतो’ म्हणजे येतो नव्हे. येतो म्हणजे जातो.

‘‘मग जातो का नाही म्हणत?’’

‘‘जातो म्हणायचं नसतं.’’

‘‘का?’’

‘‘कारण... जो जातो तो... परत येत नाही.’’

चष्मेवाली विचारात पडली. ‘‘म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक माणूस निघताना खोटं बोलतो, आणि ऐकणाऱ्याला त्याने बरं वाटतं?’’

‘‘खोटं कसलं! येतोच की. आज नाही तर पुढच्या वर्षी.’’

तिने बटण दाबलं. भाऊसाहेबांच्या फोनवर एक रेघ उभी राहिली, मग दुसरी, मग सगळ्या. भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला. ते उठले, आणि मग मोठाच प्रश्न आला, आता बाहेर कसं पडायचं? ‘येतो’ जिभेवर आलेलं, मुलगी बोट रोखून बघतेय. ‘जातो’ तर तोंडातून निघेना, घरात आईने लहानपणी त्यासाठी फटके दिले होते. त्यांनी नुसतेच हात जोडले, आणि हात जोडलेले तसेच मागे मागे सरकत निघाले. कव्हरांचा स्टँड मागे होता, तो पडला. ते वेगळं.

रस्त्यावर आल्यावर त्यांना घाम फुटला. आपण हे आणखी कुणाकुणाला म्हणालो?

आजोबांना! धावत घरी येऊन त्यांनी आजोबांचं दार वाजवलं. आजोबांनी आधी रागाने, मग रडवेल्या रागाने सांगितलं, रोज संध्याकाळी दोन कप मांडून बसत होतो. चार दिवस मांडले. मग एक कप आत ठेवून दिला. भाऊसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि काहीही न समजावता आत जाऊन चहा प्यायला बसले. वर घरमालकीणबाईंनी तर प्लंबरलाच नको म्हणून सांगितलं होतं, भाडेकरू येतो म्हणालाय, पाण्याच्या खात्यातला आहे! बाई आठवडाभर बादलीने पाणी नेत होत्या. नळाचं डोकं त्यांनी भाऊसाहेबांसाठी फडक्यात बांधून ठेवलं होतं.

आणि मग त्यांना मॅनेजर आठवला. ‘सोमवारपासून माणूस लागणार आहे.’ ‘बरं, येतो मी.’ ते हात दाबणं! म्हणजे आपल्याला नोकरी लागली होती. लागली होती, आणि आपण गेलोच नाही. त्या वेळी आपण स्टुलावर उभे होतो.

स्वतःच्या नंबरावरून पहिला फोन त्यांनी गोदामाला लावला.

‘‘तुम्ही!’’ मॅनेजर ओरडला. ‘‘येतो म्हणून सांगून गेलात! सोमवारी तुमच्यासाठी टेबल पुसून ठेवलं होतं मी! दोन दिवस वाट बघितली. आता त्या टेबलावर दुसरा बसला.’’

भाऊसाहेबांनी माफी मागितली. दहा वेळा मागितली, कारण तेवढा एकच शब्द त्यांना न अडखळता येत होता. मॅनेजरचा आवाज जरा उतरला. ‘‘हे बघा, मला तुम्ही आवडला होता. एक जागा आहे अजून. दारावरची. ट्रक आला की खोकी बघून घ्यायची, फुटकं असेल ते परत पाठवायचं. खुर्ची नाही. उभं राहून काम. ठेवायची का तुमच्यासाठी, की देऊ कुणाला? आत्ता सांगा.’’

दारावर! उभं राहून! ज्यांच्यासमोर डॉक्टर-वकील उभे राहायचे त्यांनी ट्रकची वाट बघत दारात उभं राहायचं? भाऊसाहेबांचा स्वाभिमान पार घशाशी आला. नाही म्हणायचं, हे त्यांनी नक्की केलं. पण भल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणणार? आत्ता फोन बंद करू, घरी बोलू, उद्या व्यवस्थित वाक्य जुळवून नकार कळवू. आणि निरोप घेताना ‘येतो’ तर चुकूनही म्हणायचं नाही, हे ते मनात घोकत होते. त्या नादात, आपण सगळे फोनवर शेवटी म्हणतो तेच त्यांच्या तोंडून निघालं, शब्दाला शब्द ठेवून.

‘‘बरं, ठेवतो.’’

‘‘ठेवता?’’ मॅनेजर खूश होऊन ओरडला. ‘‘वा! मग ठेवली! उद्या सकाळी या. आणि या वेळी खरंच या!’’

फोन बंद झाला. त्या भाषेत फोन ठेवत नाहीत, तोडतात, हे पुस्तकात होतं. पुढच्या धड्यात.

संध्याकाळी वहिनींनी सगळं ऐकलं. आधी त्या पर्स धरून उभ्या होत्या, मग सोफ्यावर बसल्या, मग आडव्या झाल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी. भाऊसाहेब पलंगावर बसून फोनवरच्या रेघा मोजत होते.

हसू आवरल्यावर वहिनी उठल्या, त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. ‘‘बरं, जाऊ दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी बोलू का त्यांच्याशी? मला भाषा येते. गैरसमज झाला म्हणून सांगते, त्यांना नको आहे ही जागा. द्या नंबर.’’

त्यांनी हात पुढे केला. भाऊसाहेबांनी फोनकडे बघितलं, मग तो शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून हात ठेवला.

‘‘राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘एकदा ठेवतो म्हटलं ना? मग ठेवली.’’

आणि पलंगाखाली वाकून ते दिवसभर उभं राहता येईल असे बूट शोधायला लागले.